कंसातले ४२ हजार

प्रिय काकू,

मी डोंबिवलीला राहते. वय ३४. आठ वर्षं एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये होते. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडली आणि घरूनच थालीपीठ भाजणी, उपासाची भाजणी, मेतकूट, चटण्या करून दुकानांना द्यायला लागले. मालाबद्दल कोणाची तक्रार नाही. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर मी स्वतः भाजते, त्यात कधी कसूर केली नाही. गेल्या दिवाळीत तर हाताला उसंत नव्हती. पण त्यानंतर काहीतरी बिनसलंय. सकाळी ठरवते, आज दोन नवीन दुकानांत जायचं, हिशेब लिहायचा. दुपार होते तेव्हा मी मोबाइल घेऊन बसलेली असते. पहाटे पाचला उठायचा संकल्प तीनदा केला, तिन्ही वेळा दहा-बारा दिवसांत मोडला. प्रेरणादायी व्हिडिओ ऐकताना अंगात उत्साह येतो, संध्याकाळपर्यंत ओसरतो. एका व्हिडिओत ऐकलं की इच्छाशक्ती बॅटरीसारखी असते, वापरली की संपते. माझी बहुतेक सकाळीच संपते. (आठ दुकानांकडे मिळून ४२ हजार येणं आहे, तेही मागायचं राहून जातंय.) मिस्टर म्हणतात, परत नोकरी बघ. सासूबाई काही म्हणत नाहीत, पण मी घरीच असते म्हणून सगळी कामं माझ्याकडे येतात. मुलगी दुसरीत आहे. आठ वर्षांत मी ऑफिसला एकदाही उशिरा गेले नाही. ती मी कुठे गेले? माझ्यात मुळात निग्रहच नाही का?

एक भाजणीवाली

प्रिय भाजणीवाली,

काकू म्हणून लिहिलंस, तर मीही सरळ अगं-तुगंवर येते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा दिसला तो पाचचा गजर, मोबाइल आणि ओसरणारा उत्साह. दुसऱ्यांदा वाचताना डोळा कंसावर अडला. बाकीचं सगळं तू मोकळेपणाने लिहिलंयस आणि धंद्यातले ४२ हजार मात्र कंसात टाकून पुढे गेलीस. मला वाटतं, तुझं खरं पत्र त्या कंसातच आहे. तिथे येतेच मी. पण आधी निग्रहाचं बोलू, कारण तो प्रश्न तू स्वतःला फार कडवट होऊन विचारलायस.

भाजणी मीही करते, घरापुरती. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद, धणे. प्रत्येकाची वेळ निराळी. उडदाची डाळ गुलाबी झाली की उतरवायची, तांदूळ फुलेपर्यंत हलवत राहायचे, धण्यांना वास सुटला की लगेच परातीत. एक धान्य करपलं तर सगळी भाजणी कडू होते, आणि ते कळतं गिरणीतून दळून आणल्यावर. तू हे किलोकिलोंनी करतेस, दोन-अडीच तास कढईसमोर उभी राहून, उलथनं न थांबवता. ज्याच्यात निग्रह नसतो तो गॅस मोठा करतो. तू दीड वर्षात केला नाहीस. तेव्हा पत्रातलं ते शेवटचं वाक्य खोडून टाक. ते खरं नाही.

मग दुपारी काय होतं? माझं सांगते, त्यावरून बघ काही जुळतंय का.

मी सांगलीत शाळांचे गणवेश शिवून द्यायचं छोटं युनिट २२ वर्षं चालवलं. चार मशीन, एक ओव्हरलॉक, सहा बायका. एका वर्षी एका शाळेचं मोठं बिल अडकलं. जूनमध्ये माल पोचला, मुलं नवे गणवेश घालून वर्गात बसली आणि बिल तिथल्या ऑफिसात पडून राहिलं. रोज सकाळी मी ठरवायची, आज जाऊन यायचं. मग कटिंग टेबलावर नवं ठाणं दिसायचं. एवढं कापून ठेवते, बायका रिकाम्या बसायला नकोत. कापून होईतो दोन वाजायचे, शाळेचं ऑफिस बंद. मला कोणी आळशी म्हटलं नसतं, बारा-बारा तास मी उभी असायची. बिलबुक कटिंग टेबलाच्या खणात होतं, कात्रीखाली. कात्री काढताना मी त्याच्याकडे बघायचं टाळायची, हे मला आजही आठवतं. दिवाळीला बायकांना बोनस द्यायचा म्हणून पाटल्या गहाण टाकल्या. बँकेतून घरी येताना हात इतके मोकळे वाटले की दुसऱ्या दिवशी सकाळी आधी शाळेत गेले. क्लार्कने रजिस्टर उघडलं. माझं बिल आवकला चढलेलंच नव्हतं. त्याने दुसरी प्रत मागितली, मी दिली, १९ दिवसांनी चेक आला. पाच महिने मी ज्या कामापासून पळत होते ते दहा मिनिटांचं होतं.

कशाला घाबरत होते? शिलाईत खोट काढतील म्हणून. पुढच्या वर्षीची ऑर्डर जाईल म्हणून. आणि त्याच्याही खाली, पैसे मागणारी बाई बरी दिसत नाही हे लहानपणापासून मनात बसलेलं होतं म्हणून. भीती माझ्याकडे कामसूपणाचा वेश घेऊन आली, त्यामुळे मला ओळखूच आली नाही. तुझ्याकडे ती मोबाइल घेऊन येतेय, असा माझा अंदाज आहे.

अंदाज बरोबर की चूक, ते तूच तपास. चार दिवस एवढंच कर: मोबाइल हातात आला असं लक्षात आलं की तो खाली ठेवायची घाई करू नकोस. त्याच्या आधी मनात कुठलं काम आलं होतं, ते वहीच्या मागच्या पानावर लिही. एकेका शब्दात. मला वाटतं चार दिवसांनी त्या पानावर चटणी, पॅकिंग, गिरणी हे शब्द फारसे नसतील. दुकानं असतील, फोन असेल, उधारी असेल.

आता एक गोष्ट मला तुला विचाराविशी वाटते. तू आठ वर्षं अकाउंट्समध्ये होतीस. कंपनीची येणी थकली की पार्ट्यांना फोन कोण करायचं? तूच करत असणार, किंवा तुझ्या शेजारच्या टेबलावरची. तेव्हा हात कापले नाहीत, कारण तू कंपनीच्या वतीने मागत होतीस. आता पाकिटावर तुझं नाव आहे. दुकानदार 'माल उठत नाही' म्हणाला तर ते थेट तुझ्या कढईला लागतं. ही कमतरता इच्छाशक्तीची नाही. धंद्यात नवीन पडलेल्या जवळपास प्रत्येकाला हा चटका बसतो, फक्त त्याला कोणी हे नाव देत नाही.

ऑफिसला कधी उशीर न होणारी ती तू कुठे गेलीस, हेही विचारलंयस. ती कुठेही गेली नाही. पण ती एकटी नव्हती, हे तू विसरलीस. डोंबिवलीहून ठरलेली फास्ट लोकल होती आणि ती तुझ्यासाठी थांबणार नव्हती. लेडीज डब्यात तुमचा ग्रुप असेल, एखादीने पिशवी ठेवून जागा धरली असेल, आणि तू नाही दिसलीस तर ठाण्याला गाडी पोचायच्या आत 'अगं, कुठे आहेस' असा मेसेज येत असेल. ऑफिसच्या दारात थंब मशीन. महिन्याच्या सात तारखेला पगार. यातलं काहीही तू उभं केलेलं नव्हतंस, तरी रोज सकाळी तुला घराबाहेर काढायचं काम हे सगळे मिळून करत होते. नोकरी सोडलीस तेव्हा साहेब गेला हे तुला कळलं, गाडीही गेली हे कळलं नाही. धंदा करणाऱ्याला आपली गाडी आपणच सोडावी लागते, आणि त्यात दुसरं कोणीतरी बसलेलं असावं लागतं.

बॅटरीबद्दल दोन वाक्यं, कारण तो व्हिडिओ तुझ्या डोक्यात बसलाय. ती कल्पना अमेरिकेत १९९८ साली एका प्रयोगावरून गाजली. ज्यांना समोरची चॉकलेटची बिस्किटं सोडून मुळा खायला लावला, त्यांनी नंतर न सुटणारं कोडं लवकर सोडून दिलं. पुढे २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर तीच कल्पना पुन्हा तपासली आणि परिणाम जवळजवळ काहीच दिसला नाही. थकवा खरा असतो, तो मी नाकारत नाही. पण सकाळी दहालाच माझं सगळं संपतं, असं मानून बसायला आधार नाही.

मला त्यापेक्षा एक दुसरा प्रयोग तुझ्या कामाचा वाटतो. लहान मुलांसमोर एक मार्शमेलो ठेवून 'मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील' असं सांगायचा तो प्रसिद्ध खेळ तुला माहीत असेल. थांबेल तो मनाचा खंबीर, असं त्यावरून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१३ साली रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्यात एक बदल केला. खेळाच्या आधी मुलांना चांगले रंग आणून देतो असं कबूल केलं. काही मुलांना खरंच आणून दिले, काहींना 'सॉरी, नाहीत' असं सांगितलं. मग मार्शमेलो ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती ३ मिनिटं. मुलं निवडून वेगळी घेतलेली नव्हती, फरक होता तो समोरच्यावरच्या भरवशाचा.

हे वाचलं तेव्हा मला स्वतःच्या वहीतले संकल्प आठवले. पाचला उठेन, हा शब्द तू स्वतःला तीनदा दिलास आणि तीनदा मोडलास. आता चौथ्यांदा 'उद्यापासून' म्हणतेस तेव्हा तुझ्याच मनाचा तुझ्यावर भरवसा नसतो. ते समोर आहे ते उचलतं. समोर मोबाइल आहे. म्हणून पाचचा गजर बंद कर. पाचला कुठलं दुकान उघडत नाही की गिरणीही चालू होत नाही. रात्री अकरापर्यंत पाकिटं सील करणाऱ्या बाईला पाचला उठवून काय साधायचं? पुढचे दोन-तीन महिने स्वतःला फक्त एवढा लहान शब्द दे की तो मोडायला निमित्तच सापडू नये.

तो शब्द कोणता, ते सांगते. मंगळवारी सकाळी साडेअकराला दोन फोन. येणं असलेल्या दुकानांना. दोनच.

मंगळवार मी का म्हटलं? सोमवारी आठवड्याची घडी बसायची असते, भाजायचं काम निघतं. साडेअकरा कशासाठी, तर सकाळी दुकानदाराला दूध-पावाची गर्दी असते आणि संध्याकाळी गाडीतून उतरणाऱ्यांची. साडेअकरा ते एक हा त्याचा निवांत वेळ. तू रात्री आठला फोन केलास तर तो 'नंतर बोलू' म्हणणारच, आणि तुला वाटणार मला टाळतोय.

वहीत हे वाक्य पूर्ण लिही: जेव्हा मंगळवारी साडेअकरा वाजतील तेव्हा मी गॅलरीतल्या खुर्चीत बिलांची फाइल घेऊन बसेन आणि यादीतल्या पहिल्या दुकानाला फोन लावेन. वाक्य बाळबोध वाटेल, तरी लिही. पीटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना ख्रिसमसच्या सुट्टीत एक टिपण लिहून द्यायला सांगितलं होतं. कधी आणि कुठे बसून लिहिणार, हे ज्यांनी आधी ठरवून सांगितलं त्यांच्यापैकी साधारण तीन चतुर्थांश मुलांनी ते वेळेत लिहिलं. बाकीच्यांत जेमतेम एक तृतीयांश. 'वसुली सुरू करायची' या ठरावाला ना वार असतो ना खुर्ची, म्हणून तो दुपारपर्यंत टिकत नाही.

आता फोनवर काय बोलायचं ते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून शब्दश: सांगते. 'नमस्कार, मी भाजणीवाली बोलतेय. १२ तारखेचं बिल आहे ४,८०० चं. गुरुवारी मी त्या बाजूला माल द्यायला येतेय, तेव्हा चेक तयार ठेवाल की यूपीआय करताय?' आणि मग गप्प बस. हेच सगळ्यात अवघड आहे. समोरून दोन सेकंद आवाज आला नाही की आपल्या तोंडातून आपोआप निघतं, 'तुमची अडचण असेल तर राहू दे, पुढच्या महिन्यात चालेल.' दुकानदाराने मागितलेली नसते ती सवलत आपणच पुढे करतो. मी वर्षानुवर्षं केली. ते दोन सेकंद कढईजवळच्या पाच मिनिटांसारखे समज, जागचं हलायचं नाही. तो म्हणाला, 'पुढच्या आठवड्यात', तर विचार, 'कुठल्या वारी?' आणि तो वार त्याच्यासमोरच, फोनवर ऐकू जाईल असा, म्हणून लिहून घे. तो म्हणाला, 'माल उठत नाही', तर उरलेली पाकिटं परत आण. तारखा बघ, जुनी झालेली असतील तर बाजूला काढ, चांगली असतील तर चालणाऱ्या दुकानात दे. न खपणाऱ्या दुकानात अडकलेली भाजणी आणि तिथे अडकलेलं मन, दोन्ही सोडवून आण.

बिलावर मुदतीची तारीख छापतेस का? बहुतेक नाही. छाप. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी ऑनलाइन होते, आधारवर, आणि तिला फी नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला कायदा दाखवायला मी सांगत नाहीये, तशी वेळ येऊही नये. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि 'देय तारीख' छापलेली असली की फोन करताना आवाजात फरक पडतो. आपण उपकार मागत नसून तारीख झालेली आठवण करून देतोय, हे आधी आपल्याला पटतं.

आणखी एक. फोनच्या यादीत पहिलं नाव गोड बोलणाऱ्या दुकानदाराचं लिही, सगळ्यात मोठ्या थकबाकीदाराचं नको. तुला आधी हे काम जमतं एवढं अनुभवायचंय. मोठी रक्कम तिसऱ्या-चौथ्या मंगळवारी.

सवय लागायला किती दिवस, असं तू विचारलं नाहीस, पण दहाव्या-बाराव्या दिवशी मोडलं की सोडून देतेस त्यावरून २१ दिवसांचं काहीतरी डोक्यात असावं. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तीनेक आठवडे लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. भाजणीच्या धंद्याशी त्याचा काय संबंध? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोजची एक साधी सवय लावून घ्यायला सांगितली, जेवणाबरोबर फळ खाणं किंवा पाणी पिणं अशासारखी. २०१० साली ते छापून आलं. ती अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागतात असं निघालं, पण कोणाला १८ पुरले, तर कोणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. त्यातला माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा भाग वेगळाच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तू चुकलेल्या दिवशी संकल्पच टाकून देत आलीस. एखादा मंगळवार मुलीच्या तापात जाईल. जाऊ दे. बुधवारी भरून काढायच्या मागे लागू नकोस, पुढच्या मंगळवारी खुर्चीत बस.

आता घर. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण 'मी घरीच असते म्हणून' हे चार शब्द तू सहज लिहून गेलीस आणि मला ते वाचून वाईट वाटलं.

दुकानाचं शटर वर केलेल्या पुरुषाला कोणी फोन करून सांगत नाही की सिलिंडरवाला आलाय, जरा बघ. तुला सांगतात. कुरिअर तू घ्यायचं, प्लंबर तू बोलवायचा, सासूबाईंची गोळी तू आणायची, शाळेची व्हॅन बारा-साडेबाराला आली की खाली तू उतरायचं. असे पाच-सहा तुकडे पडल्यावर उरलेल्या वेळात डोकं लावून नवीन दुकानदाराशी बोलायचं म्हणजे कढई दर दहा मिनिटांनी उतरवून पुन्हा चढवण्यासारखं आहे. धान्य भाजलं जाणार नाही. मग दमून मोबाइल घेतलास तर त्याला निग्रहाचा अभाव म्हणायचं? मी म्हणणार नाही.

सासूबाई काही म्हणत नाहीत, म्हणजे त्या तुझ्या विरुद्ध नाहीत. त्यांना बहुतेक माहीतच नाही की अकरा ते एक तू 'कामावर' असतेस, कारण तू तसं कधी सांगितलेलं नाहीस. सांग. रागाने किंवा भांडणानंतर नको, चहाच्या वेळी. 'आई, अकरा ते एक मी दुकानात आहे असं समजा. बेल वाजली तर तुम्ही बघाल का? व्हॅन आली तर खाली तुम्ही उतराल का?' दोन तास. दिवसभर मागितलंस तर मिळणार नाही आणि मिळालं तरी टिकणार नाही. त्या दोन तासांत खोली बंद, आणि शक्य असेल तर तीच साडी-ड्रेस नको ज्यात तू भांडी घासतेस. माझ्याकडे वर्कशॉप घराच्या मागच्या अंगणातच होतं. मी रोज सकाळी चप्पल घालून पुढच्या दाराने बाहेर पडायची आणि वळसा घालून मागे जायची. दहा पावलांचा वळसा. पण एकदा बाहेर पडलेल्या बाईला घरातून कोणी हाक मारली नाही.

नवीन दुकानं याच दोन तासांत, आठवड्यातून एक. पाच नाही. जाताना विकायला जाऊ नकोस, शंभर ग्रॅमची पुडी द्यायला जा. 'घरी थालीपीठ करून बघा, पुढच्या आठवड्यात विचारायला येते.' दुसऱ्या खेपेला विषय आपोआप निघतो. आषाढी एकादशी आणि नवरात्राच्या आधी तीन आठवडे उपासाच्या भाजणीसाठी जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज जायला हवा. त्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर लाल करून ठेव. दिवाळीनंतर तुझं जे बिनसलं त्यातला बराच भाग हंगामाचा आहे. ऑक्टोबरमध्ये गिऱ्हाईक तुला ओढत होतं, नोव्हेंबरात ओढणारं कोणी राहिलं नाही, आणि तो उतार तू स्वतःच्या स्वभावावर लावून घेतलास.

ओढणारं कोणी, यावरून लिज्जत पापडाच्या बायका आठवतात. १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ती गोष्ट सगळे सांगतात. मला त्यांची रोजची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. सकाळी केंद्रावर जायचं, काल लाटलेले पापड तोलून द्यायचे, मजुरी आणि मळलेलं पीठ घ्यायचं आणि घरी येऊन लाटायचं. काम घरातच, पोरं-बाळं सांभाळून. पण दिवसाच्या सुरुवातीला एक दार आहे, एक तराजू आहे आणि 'काल का नाही आलीस' असं विचारणारी एक बाई आहे. त्या हजारो जणींना रोज सकाळी उत्साह वाटत असेल असं मला वाटत नाही. पीठ घेतलेलं असतं म्हणून लाटायचं असतं.

तुला असं केंद्र हवंय. तुझ्या सोसायटीत किंवा पलीकडच्या गल्लीत ब्लाउज शिवणारी, ट्यूशन घेणारी, केक करणारी कोणीतरी असेल, आणि तिचीही काही उधारी कंसात असेल. तिला विचार. मंगळवारी एकला पाच मिनिटं जिन्यात भेटायचं: मी दोन फोन केले, तू काय केलंस? सल्ले नाहीत, कौतुक नाही, फक्त तोलून द्यायचं. मिस्टरांना या कामाला लावू नकोस. ते विचारतील तेव्हा तुला ती तपासणी वाटेल.

मिस्टरांचं बोलणं मात्र उडवून लावू नकोस. नोकरी बघ असं ते म्हणतात तेव्हा त्यांना आकडा दिसत नसतो, फक्त तुझा पडलेला चेहरा दिसतो. तू अकाउंट्सची आहेस. एक पान काढ: दर महिन्याची विक्री, माल-गॅस-गिरणी-पाकिटांचा खर्च, आलेली रक्कम, राहिलेली रक्कम, आणि तुझ्या हातात काय उरलं. स्वतःची मजुरी धरूनच. ते पान दोघांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बघायचं आणि पुढच्या दिवाळीनंतर ठरवायचं. तोवर कितीचा आकडा आला तर चालू ठेवायचं, तो आजच लिहून सही करा. आकडा नाही गाठला तर नोकरी करून शनिवार-रविवारी भाजणी करणं हाही धंदाच आहे. मी स्वतः पहिली चार वर्षं शिकवणीच्या पैशावर मशीन चालवल्या.

एक गोष्ट मला विचारायलाच हवी. हे 'बिनसणं' फक्त दुपारचं आहे ना? झोप उडालीय, जेवण जात नाही, आवडती गोष्टही नकोशी झालीय, असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना भेट. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण पत्रात सगळं येतंच असं नाही.

आणि मंगळवारच्या यादीबद्दल. गोड बोलणाऱ्याचं नाव पहिलं लिही म्हटलं, तर पहिल्या मंगळवारी सगळ्यात वर माझंच लिही. मला उपासाची भाजणी एक किलो आणि मेतकूट पाव किलो हवंय. माझा नंबर संपादकांकडे ठेवलाय, तुझं नाव-गाव न विचारता ते देतील. साडेअकराला मी फोनजवळ आहे. पैसे पुढच्या महिन्यात दिले तर चालतील का, असं मी विचारणार आहे. तेव्हा काय म्हणायचं ते तुला आता माहीत आहे.

तुझी,
काकू